एक टाका, एक ब्लँकेट

सकाळी सहा

पहिला तास मोजण्याचा. नोव्हेंबरच्या शेवटी कोथरूडमध्ये सहाला अजून अंधारच असतो. दूधवाला येऊन गेलेला असतो, पेपर यायचा असतो आणि फोन वाजत नाही. टाके मोजायचे तर ते आत्ताच; नंतर एकशे आठपर्यंत पोचलं की कोणीतरी बेल वाजवतंच.

डायनिंग टेबलावर आज तीन कापडी पिशव्या आहेत. ज्याचं अडलंय त्याने विणकाम इथेच ठेवून जायचं, घरी नेऊन ओढाताण करायची नाही, असा आमच्या वर्गाचा नियम. माझ्याकडे येणारे बहुतेक जण पहिल्यांदाच सुया हातात धरतात आणि बहुतेकांना एकच गोष्ट हवी असते. घरात बाळ येणार आहे, त्याला स्वतःच्या हातांनी ब्लँकेट विणायचंय. मला ही निवड शहाणपणाची वाटते. ब्लँकेटला गळा नसतो, बाह्या नसतात, दोन बाजू सारख्या करायच्या नसतात. आणि बाळ कितीही मोठं झालं तरी ते त्याला 'होत नाही' असं होत नाही.

पहिल्या पिशवीतलं विणकाम खाली शंभर टाक्यांचं आहे आणि वर एकशे तेरांचं. बाई सांगून गेल्या, "मी एकही टाका वाढवला नाही हो!" त्यांचं म्हणणं त्यांच्या परीने खरंच आहे. ओळ संपवून काम उलटं फिरवताना त्यांची लोकर पुढून सुईवरून मागे जाते. तसं झालं की कडेचा पहिला टाका वर ओढला जातो, त्याचे दोन्ही पाय सुईवर दिसतात आणि नवखा माणूस ते दोन टाके समजून दोन्ही विणतो. प्रत्येक दोन-चार ओळींत एक याप्रमाणे टाके वाढत जातात. ओळ सुरू करताना लोकर खाली, स्वतःकडे ओढून घ्यायची आणि मग मागे न्यायची, एवढाच उपाय. पण तो बोलून कळत नाही, बोट धरून दाखवावा लागतो.

दुसऱ्या पिशवीत मधोमध एक भोक आणि भोकाच्या एका बाजूला दोन ओळी जास्त. म्हणजे ओळ अर्धी असताना फोन आला, काम खाली ठेवलं आणि परत उचलताना उलट्या दिशेने सुरू केलं. अर्ध्या ओळीतून उठायचंच असेल तर एक खूण लक्षात ठेवायची: परत बसताना गुंड्याकडून येणारी लोकर उजव्या हातातल्या सुईला लटकत असली पाहिजे. ती डाव्या सुईला दिसली तर काम फिरवा.

तिसऱ्या पिशवीतलं विणकाम नुसतं घट्ट. सुई टाक्यात शिरताना अ‍ॅल्युमिनियम किंचाळतं. यावर उपदेशाचा उपयोग नसतो, एक नंबर जाड सुई देणं बरं.

तिन्हींत चूक वेगवेगळी, टाका मात्र एकच. पहिल्या ब्लँकेटसाठी मी सुलट टाक्याशिवाय काही शिकवत नाही. पहिली ओळ सुलट, काम फिरवलं की तीही ओळ सुलट, आणि शेवटपर्यंत तेच. कारण हौसेचं नाही, कापडाचं आहे. एक ओळ सुलट, एक उलट असं विणलं की बाजारच्या स्वेटरसारखा गुळगुळीत पोत येतो आणि तो कडेला गुंडाळत राहतो. त्याला सपाट ठेवायला वेगळी किनार विणावी लागते. सगळं सुलट विणलेलं कापड आपणहून सपाट पडतं, दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं, जाड होतं, आणि त्याच्या घड्यांमध्ये हवा अडकते म्हणून उबदारही होतं. नांगरलेल्या शेतासारखे त्यावर आडवे वरंबे उठतात. दोन ओळींचा एक वरंबा. मोजायला ओळी नकोत, वरंबे मोजावेत.

उलट टाका तसा विणकामात उशिराच आलेला दिसतो. फ्लॉरेन्सची डचेस, टोलेडोची एलेओनोरा १५६२ साली गेली. तिच्यासोबत पुरलेल्या रेशमी मोज्यांत उलट टाके आहेत आणि युरोपातल्या उलट टाक्याच्या जुन्यात जुन्या पुराव्यांमध्ये ते मोजे धरले जातात. त्याच्या कितीतरी शतकं आधीचे इजिप्तमधले सुती मोजे मिळाले आहेत. तेव्हा एकाच टाक्यावर ब्लँकेट विणणाऱ्याने कमीपणा मानण्याचं कारण नाही.

साडेसात

मामा आला. म्हणजे होणारा मामा. हिंजवडीत नोकरी, बहिणीची तारीख जानेवारीतली. कंपनीची बस सव्वाआठला चौकात येते, त्याआधी अर्धा तास माझ्याकडे.

"काकू, पंचाण्णव वरंबे झाले," बूट काढता काढता तो सांगतो.

या मुलाने पहिल्या दिवशी मला जो प्रश्न विचारला तो आजवर कोणी विचारला नव्हता: एकूण टाके किती? बायका विचारतात, किती दिवस लागतील. मग आम्ही दोघांनी बसून हिशेब मांडला. त्याची लोकर जरा जाड होती, सुया ६ नंबरच्या. आधी वीस टाक्यांचा हातभर नव्हे, तळहाताएवढा नमुना विणायला लावला. या नमुन्याचा सगळ्यांनाच कंटाळा असतो, पण त्याशिवाय आपला हात सैल की घट्ट हे कळायचं कसं? पट्टी लावून पाहिलं तर १० सेंटिमीटरमध्ये १८ टाके. ब्लँकेट हवं ७५ सेंटिमीटरचं, चौरस. म्हणजे साडेसात गुणिले अठरा, १३५ टाके.

लांबीचं गणित आणखी सोपं. नुसत्या सुलट विणकामात टाका जेवढा रुंद, साधारण तेवढाच एक वरंबा उंच. म्हणून १३५ टाक्यांच्या ब्लँकेटला १३५ वरंबे झाले की चौरस पुरा. फार तर दोन-चार इकडेतिकडे. काम कर्णावर दुमडून त्रिकोण जुळतो का ते पाहायचं. मोजपट्टी लागतच नाही. १३५ वरंबे म्हणजे २७० ओळी, प्रत्येक ओळीत १३५ टाके, एकूण ३६,४५०. त्याने घड्याळ लावून पाहिलं, मिनिटाला वीस टाके होत होते. म्हणजे तीस तास आणि वर थोडं.

"रोज एक तास, एक महिना," तो म्हणाला होता. "जमेल."

छत्तीस हजारांचा आकडा ऐकून दुसरा कोणी पळाला असता. याला उलट हुरूप आला. एका वरंब्याला साधारण तेरा-चौदा मिनिटं लागतात. बस चांदणी चौकातल्या गर्दीत अडकली की जाताना चार, येताना चार. बसमध्ये शेजारी बसणारे पहिले दोन दिवस हसले, आता रोज किती झाले विचारतात म्हणे.

आज त्याचा गुंडा संपत आला आहे. नवी लोकर ओळीच्या मध्यावर गाठ मारून जोडायची नाही, एवढं मी त्याला दोनदा बजावते. गाठ बाळाच्या अंगाला टोचते आणि धुण्यात सुटते. ओळ संपू द्यायची, मग कडेला नवी लोकर घ्यायची, जुन्या-नव्या दोन्हींची वीतभर शेपटं सोडायची. ओळीला पुरेल एवढी लोकर उरली आहे का, हे ओळखायला ब्लँकेटच्या रुंदीच्या चौपट लांब धागा हाताशी हवा. त्याच्याकडे तीनपटच आहे.

"मग हे वाया?"

"वाया काय रे? पुढे त्याच रंगाची टोपी शिवायला लागेल." टोपी तो विणणार नाही हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

साडेनऊ ते अकरा

पोळ्या, भाजी, मशीनचे कपडे, बँकेचा एक फोन.

अकरा

रिक्षाने रविवार पेठेत. बोहरी आळीत आठवड्यातून एकदा जावंच लागतं, कारण नवशिक्याने एकट्याने लोकर आणली तर दहातल्या आठ वेळा ती केसाळ, चमकणारी किंवा गडद निळी असते. दुकानात हातात घेतल्यावर मऊ लागते, म्हणून घेतात. पण केसाळ लोकरीत टाका दिसतच नाही, चुकलं तर उसवतानाही केसात केस अडकतात. काळ्या-निळ्यात तर रात्री दिव्याखाली माझ्याही डोळ्यांना टाके सापडत नाहीत. शिकताना लोकर गुळगुळीत, फिकट रंगाची आणि मध्यम जाड हवी. फिकट पिवळा, पिस्ता, पांढरा. नंतर करा काय हौस करायची ती.

दुकानदार मला पाहताच 'बेबी वूल'चे खोके काउंटरवर ठेवतो. नावात वूल असलं तरी खोक्यावर बारीक अक्षरात १०० टक्के अ‍ॅक्रिलिक लिहिलेलं असतं. आपल्याकडे मिळणाऱ्या हातविणीच्या लोकरीतली पुष्कळशी लुधियानाहून येते. वर्धमान, ओसवाल, गंगा ही नावं विणणाऱ्या बायकांना मसाल्याच्या नावांइतकी पाठ असतात. हिवाळ्यात पुण्या-नागपुरात तिबेटी लोक स्वेटरचे स्टॉल लावतात, त्यांचा बराचसा मालही तिथलाच. गोंदिया जिल्ह्यात त्यांची नोर्ग्येलिंग नावाची वसाहत आहे. थंडीतला हा धंदा कित्येक तिबेटी घरांचं वर्षभराचं पोट.

मी गुंडे मोजून घेते आणि प्रत्येकाच्या पट्टीवरचा लॉट नंबर पाहते. रंगाचा क्रमांक एक असला तरी लॉट वेगळा असेल तर छटेत फरक पडतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो दिसत नाही, बाळाला घेऊन गच्चीत उन्हात बसलात की ब्लँकेटच्या मधोमध पट्टा उठून दिसतो. ७५ सेंटिमीटरच्या चौरसाला जाड लोकर चारशे ग्रॅमच्या आसपास लागते. मी साडेचारशे घ्यायला लावते. उरलेली परत करता येते. कमी पडलेली, त्याच लॉटची, परत मिळेल याचा भरवसा नाही.

सुयांचं वेगळंच. आपल्याकडे अजून जुने ब्रिटिश नंबर चालतात, त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ६ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर, ८ म्हणजे ४, आणि १० म्हणजे सव्वातीन. अमेरिकेत नेमकं उलटं. तिथला ८ नंबर ५ मिलिमीटरचा. हल्ली पोरी मोबाइलवर अमेरिकन बाईचा व्हिडिओ पाहतात, ती आठ म्हणाली म्हणून इथे येऊन आठ मागतात आणि दुकानदार बिचारा मागितलं ते देतो. मग ब्लँकेट पत्र्यासारखं कडक होतं. म्हणून मी नंबर सांगतच नाही, मिलिमीटर सांगते.

आज एक काळा गुंडाही घेतला. बाळाला काळं कशाला, असं वाटेल. पण संक्रांतीच्या बोरन्हाणाला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने लागतात, आणि वर्गातल्या एका आजींना नातवासाठी काळ्या किनारीचं ब्लँकेट हवं आहे. किनार त्या दिवसाउजेडी माझ्यासमोर विणणार, या अटीवर.

दीड

जेवण. रेडिओ. वीस मिनिटं आडवी.

तीन ते पाच

वर्ग. आज चौघी: काळ्या किनारीवाल्या आजी, सकाळच्या शंभराच्या एकशे तेरा करणाऱ्या बाई, एक कॉलेजची मुलगी आणि एक आठवा महिना लागलेली सून. सून माझ्या शेजारच्या इमारतीतली. तिच्या सासूबाईंचं म्हणणं, बाळ यायच्या आधी घरात काही आणून ठेवू नये. आमच्याही घरी हेच होतं. पहिले लंगोट, पहिली दुपटी आजीच्या जुन्या सुती साडीची, आणि नवं कापड बारशाला. जुनं कापड शेकडो धुण्यांनी मऊ झालेलं असतं, हे त्यातलं शहाणपण आहेच. मी वाद घालत नाही. या मुलीचं ब्लँकेट माझ्या कपाटात राहतं. बाराव्या दिवशी मी ते आहेर म्हणून घेऊन जाईन. सासूबाईंना याबद्दल सगळं ठाऊक आहे आणि त्याही मला रोज 'कुठवर आलंय' विचारतात.

एकशे तेराचं काय करायचं हा पहिला प्रश्न. उसवायचं? बाईंच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात. मी म्हटलं, थांबा. पुढच्या तेरा ओळींमध्ये प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन टाके एकत्र विणून शंभरावर या. कड किंचित पोटासारखी फुगेल, बाळाला ते कळणार नाही. भोक पडलेलं असतं तर मात्र उसवायला लावलं असतं. दिसण्यातली चूक आणि धोक्याची चूक या दोन वेगळ्या. भोकात बाळाचं बोट अडकतं. आत न ओवलेलं शेपूट सुटं राहिलं तर ते पायाच्या अंगठ्याभोवती गुंडाळून रक्त अडवू शकतं. बालरोगतज्ज्ञांना असे प्रसंग माहीत आहेत. म्हणून पहिल्या ब्लँकेटला गोंडे नाहीत, मणी नाहीत, बटणं नाहीत, मोठी जाळी नाही.

कॉलेजच्या मुलीला नमुना विणायचा कंटाळा आहे आणि आकडेमोडीचा त्याहून जास्त. तिला मी कोपऱ्यातून सुरू होणारं ब्लँकेट दिलं आहे. चार टाके घालायचे. दुसऱ्या ओळीपासून प्रत्येक वेळी दोन टाके सुलट, लोकरीचा सुईवरून एक वळसा, आणि उरलेले सगळे सुलट. दर ओळीला एक टाका वाढतो, कोपऱ्यातून त्रिकोण पसरत जातो, वळशांमुळे कडेला आपोआप बारीक छिद्रांची नक्षी तयार होते. किती टाके झाले याची तिला फिकीर नाही. तिच्याकडे आहे स्वयंपाकघरातला वजनकाटा. लोकर चारशे ग्रॅम होती. उरलेले गुंडे काट्यावर दोनशेच्या थोडं वर दाखवायला लागले की वाढ थांबवायची आणि उतरायला लागायचं: एक सुलट, दोन एकत्र, एक वळसा, पुन्हा दोन एकत्र, बाकी सुलट. दर ओळीला एक टाका कमी. शेवटी परत चार उरतात. लोकर जेवढी तेवढं ब्लँकेट, कमी पडायचा प्रश्नच नाही. नवख्यांसाठी यापेक्षा हुशार रचना मी पाहिलेली नाही. आज काटा २४८ दाखवतोय, म्हणजे अजून आठवडाभर चढण.

आजींनी घरून एक गुंडा आणला आहे, मुलाने परदेशाहून आणलेला. "ही खरी लोकर का हो?" पट्टी हरवलेली. मग गॅसजवळ गेलो सगळ्या. स्टीलच्या ताटलीवर चिमट्यात धागा धरून पेटवायचा. बेबी वूलचा तुकडा वितळत, ओघळत जळला आणि थंड झाल्यावर काळा कडक मणी राहिला. आजींचा धागा पेटायलाच नाखूश. ज्योत काढल्याबरोबर विझला, केस जळाल्याचा वास सुटला आणि राख बोटात चुरगळली. खरी लोकर. मेंढीची, आणि स्पर्शावरून मेरिनो असावी.

या प्रयोगाचा आपल्या घरांशी फार जवळचा संबंध आहे. न्हाणं झालं की बाळाला धुरी द्यायची पद्धत: शेगडीत निखारे, त्यावर ओवा, वावडिंग, बाळंतशेप. डॉक्टर तान्ह्या बाळाला धूर नको म्हणतात, आणि मलाही ते पटतं. पण कितीतरी घरांत शेगडी अजून येतेच. तेव्हा आठव्या महिन्याच्या सुनेला तो काळा मणी हातात दिला आणि सांगितलं, हे तुझं ब्लँकेट शेगडीजवळ न्यायचं नाही. घोंगडीवर ठिणगी पडली तर भोक पडेल आणि विझेल. हे वितळून अंगाला चिकटेल.

"मग सगळ्यांनी खरीच लोकर का नाही घ्यायची?" कॉलेजची.

एक तर किंमत. दुसरं, खरी लोकर मशीनमध्ये गरम पाण्याने धुतली की आक्रसून नमदा होते, आणि बाळाच्या घरात कपडे हलक्या हाताने धुवायला कोणाला वेळ आहे? तिसरं, आपल्या मातीतली लोकर बाळाच्या कामाची नाही. दख्खनी मेंढीचा केस जाड आणि राठ. मेरिनो २४ मायक्रॉनपेक्षा बारीक असते, ही तिच्याहून पुष्कळ जाड. धनगरांनी कातरलेल्या त्या लोकरीची सणगर घोंगडी विणतात, मागावर, चिंचोक्याची खळ लावून. पावसात, रानात, मेंढरांमागे तिच्यासारखं काही नाही. पण ती ताणा-बाण्याची वीण आहे, सुईवरचे फासे नव्हेत. आणि बाळाच्या गालाला ती टोचेल. पुण्याच्या थंडीला अ‍ॅक्रिलिक पुरतं. मुंबईच्या बाळासाठी कोणी आलं तर मी सुती धागा घ्यायला लावते. तिथे लोकरीचं ब्लँकेट म्हणजे निव्वळ आजीची हौस.

पाचला उठता उठता सुनेने विचारलं, रात्री पाळण्यात पांघरायचं का हेच? नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना वर्षाच्या आतल्या बाळाजवळ झोपेत सुटं पांघरूण ठेवू नका असं स्पष्ट सांगते. तोंडावर आलं तर बाळाला ते दूर करता येत नाही. मग ब्लँकेट कशाला? मांडीवर घेताना. बाहेर नेताना, कोणाचं तरी लक्ष असताना. जमिनीवर पालथं घालायला. गच्चीतल्या कोवळ्या उन्हात. आणि पुढे चार वर्षांचं झाल्यावर ते घरभर फरफटत न्यायला, जे सगळीच करतात. मुलगी जरा हिरमुसली. तरी हे बारशाच्या दिवशी सांगण्यापेक्षा आत्ता सांगितलेलं बरं.

सहा

वरच्या मजल्यावरच्या वहिनी. त्यांच्या भाचीला बाळ झालंय, एक ब्लँकेट विणून द्याल का, पैसे देईन म्हणाल्या. किती? त्यांनी सांगितलेला आकडा लोकरीचाच खर्च भागवेल एवढा होता.

माझा हात मामापेक्षा जलद चालतो, तरी पंधरा-सोळा तास. पोळ्या करायला येणाऱ्या मावशींच्या तासाच्या दराने जरी धरले तरी वहिनी दचकतील, आणि त्यांनी दचकावंच. बाजारात मशीनवर विणलेलं गोंडस ब्लँकेट त्याच्या कितीतरी कमी पैशात मिळतं. हातविणीचं बाजारात कधीच परवडत नाही. माझी आई सांगायची, १९६२ च्या युद्धात आमच्या वाड्यातल्या बायका ओसरीवर बसून जवानांसाठी मोजे, मफलर, स्वेटर विणत होत्या. त्या श्रमाची तेव्हा किंमत कोणी विचारली नाही, म्हणून पुढे घरातल्या विणकामालाही किंमत नसते असं सगळ्यांनी धरून टाकलं. मी ऑर्डर घेत नाही. फुकट विणेन किंवा शिकवेन, मधलं काही नाही.

"भाचीला शिकवू का?" मी विचारलं.

वहिनी हसल्या. "तिला कुठला वेळ!"

"मग तुम्ही या."

बघते म्हणाल्या. बघणार नाहीत असं वाटतंय, पण जाताना टेबलावरचा पिस्ता रंगाचा गुंडा त्यांनी हातात घेऊन दाबून पाहिला.

साडेआठ

जेवणानंतरचा वेळ शेवटाच्या कामांचा. वर्गातल्या एका आजोबांचं ब्लँकेट आज पुरं झालं. हो, आजोबा, निवृत्त झालेले, आणि वर्गात सगळ्यात सरळ कडा त्यांच्या. टाके बंद करताना मात्र त्यांचा हात आवळला जातो, तसा सगळ्यांचाच. दोन टाके विणायचे, पहिला दुसऱ्यावरून उचलून खाली सोडायचा, मग तिसरा विणायचा, दुसरा त्याच्यावरून, असं शेवटपर्यंत. घट्ट झालं तर खालची कड रुंद आणि वरची आखडलेली, ब्लँकेट पातेल्यासारखं निमुळतं. त्यांना उजव्या हातात दोन नंबर जाड सुई धरायला लावली होती. कड छान सुटली आहे.

मग शेपटं. मोठ्या नेढ्याची बोथट सुई घेऊन प्रत्येक शेपूट वरंब्याच्या आतून तीनेक इंच एका दिशेने, मग वळून दोन इंच उलट दिशेने ओवायचं. नुसतं एका बाजूने ओवलं तर चौथ्या धुण्याला बाहेर येतं. नऊ गुंड्यांची सोळा-अठरा शेपटं. लोकांना विणण्याचा कंटाळा येत नाही, याचा येतो. कितीतरी पुऱ्या झालेल्या ब्लँकेटांच्या घड्या कपाटाच्या तळाशी पडून राहतात त्या एवढ्यासाठी.

सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून, न पिळता, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबलं आणि आतल्या खोलीत जुन्या चादरीवर पसरलं. दोरीवर टांगायचं नाही, ओल्या वजनाने लांबट होतं. आजोबांच्या मुलीने इस्त्री करू का विचारलं होतं. अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री टेकली की वरंबे कायमचे सपाट होतात, लोकर लोंबते आणि चमकते. त्यावर इलाज नाही. मी तिला दोनदा नाही म्हटलं आणि ब्लँकेट वाळेपर्यंत माझ्याच घरी ठेवून घेतलं.

दहा

उद्या अकराला एक नवी बाई येणार आहे, विणकाम अजिबात येत नाही म्हणाली. तिच्यासाठी ५ मिलिमीटरच्या सुया काढल्या, फिकट पिवळा गुंडा काढला आणि वीस टाके घालून, वर दोन ओळी विणून ठेवल्या. पहिल्याच दिवशी टाके घालायला शिकवलं की माणूस तिथेच अडकतो. रिकाम्या सुईवर फासे बसवणं हे विणण्यापेक्षा अवघड, आणि तळाशी काही कापड नसल्याने हातात काही येत नाही. आधी तयार ओळीवर सुलट टाका येऊ दे, दहा-बारा वरंबे होऊ देत. टाके घालायचं तिसऱ्या दिवशी बघू.